किडनीचा डॉक्टर म्हणजे डायलिसिसवाला डॉक्टर नव्हे

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली लहान लहान पोरं एकामागून एक नागपूरच्या हॉस्पिटलांत यायला लागली. आधी साधा ताप-खोकला, मग लघवी कमी होत होत बंद. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी केमिकल निघालं आणि वीसहून जास्त मुलं गेली. हे काही पहिल्यांदा झालेलं नाही, १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ पेशंट दगावले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. यावेळी बातम्यांमध्ये 'नेफ्रोलॉजिस्ट' हा शब्द सारखा कानावर पडत होता आणि बऱ्याच जणांनी विचारलं की हा नेमका कोणता डॉक्टर, करतो काय.

बहुतेकांच्या डोक्यात उत्तर एकच असतं, डायलिसिस लावणारा. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी "एकदा नेफ्रोलॉजिस्टना दाखवून घ्या" अशी चिठ्ठी दिली की घरात सुतक पसरतं, आणि ती चिठ्ठी कुठल्यातरी फाइलमध्ये वर्ष-दीड वर्ष पडून राहते. माझं म्हणणं एवढंच आहे की या डॉक्टरांचं खरं काम डायलिसिस पुढे ढकलण्याचं असतं, जमलं तर टाळण्याचंच, पण त्यांना ते करता यायला तुम्ही वेळेत जायला हवं. कसं ते सांगतो, जरा बेसिकपासून.

## किडनी गाळते, पण गाळण्यापेक्षा परत घेते जास्त

किडनी म्हणजे फिल्टर असं शाळेत शिकवतात, ते अर्धंच खरं आहे. दिवाळीच्या आधी घराची साफसफाई कशी करतात आठवा, फक्त कचरा शोधून बाहेर टाकत नाहीत, माळ्यावरचं, कपाटातलं सगळं सामान आधी बाहेर काढतात आणि मग लागेल तेवढं पुसून आत लावतात, उरेल ते भंगारात. किडनी अगदी हेच करते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून बाहेर काढतात आणि त्यातलं ९९ टक्के परत आत घेतात, उरलेलं दीड-दोन लिटर म्हणजे आपली लघवी. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम ३ लिटर, म्हणजे हेच सामान दिवसातून ६० वेळा बाहेर काढून आत लावलं जातं. परत घेताना सोडियम किती, पोटॅशियम किती, आम्ल किती हा हिशोब क्षणाक्षणाला चालू असतो.

हे काम करणारे बारीक बारीक युनिट असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात, एका किडनीत साधारण १० लाख. मेलेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. काही मेले की उरलेले जास्त काम ओढतात, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही, दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. शिवाय ब्लड प्रेशर सांभाळणं, रक्त तयार करायचा सिग्नल देणारं हार्मोन बनवणं, व्हिटॅमिन डी कामाला लावणं हीसुद्धा किडनीचीच कामं, म्हणून किडनी बिघडलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. दमतोय, धाप लागतेय म्हणून लोक टॉनिक घेत बसतात आणि मूळ कारण असतं किडनी.

## नेफ्रोलॉजिस्ट आणि युरोलॉजिस्ट

हा गोंधळ प्रचंड आहे. युरोलॉजिस्ट म्हणजे सर्जन. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गातला अडथळा, गाठ, थोडक्यात जिथे दुर्बीण किंवा ऑपरेशन लागतं ते त्यांचं. नेफ्रोलॉजिस्ट म्हणजे फिजिशियन, औषधांनी इलाज करणारा. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी मेडिसिन, त्यावर आणखी तीन वर्षं डीएम नेफ्रोलॉजी. मुतखड्याने पोटात कळ आली तर युरोलॉजिस्ट, पायावर सूज आणि लघवीला फेस असेल तर नेफ्रोलॉजिस्ट. आणि मुतखडा पुन्हापुन्हा होत असेल तर दोघंही, कारण एकजण खडा काढेल आणि दुसरा तो होतोच का हे शोधेल.

## "पण माझं क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे!"

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून इथे थोडं थांबू.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज निघणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो बाहेर टाकते, किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज साधारण ०.६ ते १.२ अशी छापलेली असते आणि आपण काय करतो, आकडा ठळक छापलाय का तेवढं बघतो आणि रिपोर्ट घडी करून ठेवून देतो. पण स्नायू जास्त तर क्रिएटिनिन जास्त, स्नायू कमी तर कमी. जिमला जाणाऱ्या २५ वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन १.२ आलं तर त्याची किडनी साधारण ८६ च्या स्पीडने चालतेय, म्हणजे व्यवस्थित. तेच १.२ जर ६५ वर्षांच्या मावशींचं आलं तर त्यांचा स्पीड निघतो ५० च्या आसपास. छापलेला आकडा एकच, रेंजच्या आतला, आणि मावशींची किडनी निम्म्यावर आलेली.

हा जो स्पीड मी म्हणतोय त्याला ईजीएफआर म्हणतात, वय, लिंग आणि क्रिएटिनिन यावरून काढतात, मोबाईलवर कॅल्क्युलेटर मिळतात. ९० च्या आसपास किंवा वर चांगला. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणायचं, ३० च्या खाली गंभीर, १५ च्या खाली शेवटची म्हणजे पाचवी स्टेज. तीन महिन्यांची अट महत्त्वाची आहे, कारण जुलाब-उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं तरी एखाद्या दिवशी आकडा बिघडतो, तेवढ्यावरून कोणी घाबरू नये.

आणि याच्याही आधी धोका सांगणारी एक टेस्ट आहे, लघवीतली. किडनी बिघडायला लागली की परत घ्यायचं प्रोटीन लघवीत सांडायला लागतं. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण मोजतात, एसीआर म्हणतात त्याला, ३० च्या खाली हवं, ३०० च्या वर म्हणजे बरंच सांडतंय. डायबेटीस असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन एकदम छान असताना ही टेस्ट बिघडलेली असू शकते, आणि इलाजाचा सगळ्यात जास्त फायदा तेव्हाच होतो. इतकी साधी टेस्ट, पण वर्षानुवर्षं शुगरच्या गोळ्या खाणाऱ्या कित्येकांनी ती एकदाही केलेली नसते. याचा मला खरंच राग येतो.

## बीपीची गोळी तर फॅमिली डॉक्टरही देतात की

देतात, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. प्रत्येक डायबेटीसवाल्याने नेफ्रोलॉजिस्टच्या दारात बसायची गरज नाही, तेवढे नेफ्रोलॉजिस्ट आपल्याकडे आहेत कुठे, जे आहेत ते मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या गावी. पण ईजीएफआर ३० च्या खाली गेला, किंवा भराभर घसरतोय, लघवीत प्रोटीन भरपूर जातंय, लघवीत रक्त आणि प्रोटीन दोन्ही आहे, तिशीतच बीपी वाढलंय आणि तीन-तीन गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीये, घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होत जाणारा आनुवंशिक आजार) आहे, असं काही असेल तर चिठ्ठीची वाट बघू नका.

तिथे काय वेगळं होतं? एक म्हणजे गोळ्यांची निवड. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या किडनीच्या आतला दाब कमी करतात आणि प्रोटीन सांडणं कमी करतात, नुसतं बीपी उतरवणाऱ्या सगळ्या गोळ्या ते करत नाहीत. गंमत अशी की या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, पण ती बघून पेशंट (आणि कधीकधी डॉक्टरही) घाबरून गोळी बंद करतात, म्हणजे ज्या गोळीने किडनी टिकणार होती तीच गेली. कुठली वाढ चालवून घ्यायची, कुठल्या वाढीला गोळी थांबवायची आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवत हे कसं निभवायचं, यात या डॉक्टरांचा हात बसलेला असतो.

दुसरं, नवीन औषधं. डापाग्लिफ्लोझिन ही मुळात शुगरची गोळी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी. २०२० मध्ये मोठी ट्रायल आली त्यात क्रॉनिक किडनी डिसीजवाल्यांना, ज्यांना डायबेटीस नाही अशांनासुद्धा, ही गोळी दिली होती आणि किडनी निम्म्यावर येणं, निकामी होणं, किडनी किंवा हृदयविकाराने मृत्यू येणं हे सगळं मिळून धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि ढीगभर कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. किडनीच्या रोगात इतका दम असलेलं औषध फार वर्षांनी आलं. अर्थात ही मनाने घ्यायची गोळी नाही, उलट्या-जुलाब, उपवास किंवा ऑपरेशनच्या वेळी ती थांबवायची असते.

आणि तिसरं काम म्हणजे गोळ्या कमी करणं! हे कोणाला माहीतच नसतं. किडनीतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी औषधांचा डोस ईजीएफआर बघून घटवावा लागतो, शुगरची मेटफॉर्मिन ३० च्या खाली बंदच करतात.

## "एवढ्या गोळ्या खाऊनच किडनी जाते"

हे वाक्य दर लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकू येतं. बीपी-शुगरच्या गोळ्यांनी किडनी जात नाही, बीपी आणि शुगरनेच जाते, गोळ्या सोडल्या की आणखी लवकर जाते. पण वाक्यात थोडं तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या गोळीकडे आहे. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाल्लेल्या डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. आणि काय घातलंय ते न लिहिलेली पुडी, भस्म, "शंभर टक्के नैसर्गिक" काढा, ज्यात कधी पारा-शिसं निघतं तर कधी गुपचूप घातलेलं स्टेरॉइड. चांगल्या वैद्यांना हे लागू नाही, पण व्हॉट्सॲपवरून मागवलेल्या डब्याला नक्की आहे. नैसर्गिक म्हणजे सेफ असंही नाही, कमरख, गोव्याकडे करमल म्हणतात ते आंबट फळ, किडनी कमजोर असलेल्याने खाल्लं तर न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊन जीवावर बेतू शकतं. बिंबलं म्हणजे बिलिंबी नावाची आंबट फळं, त्यांचा रस कोलेस्टेरॉलवर उपाय म्हणून ग्लासभर पिऊन किडनी बंद पडल्याच्या केसेस केरळात झाल्यात.

## कारण शोधणं, हे अर्धं काम

किडनी बिघडली हे लॅबवालाही सांगेल, का बिघडली हे शोधायला नेफ्रोलॉजिस्ट लागतो. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात एक विचित्र गोष्ट दिसली, लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या एका विशिष्ट आजाराचे पेशंट अचानक वाढले आणि बायोप्सीत त्यातल्या १५ जणांमध्ये एनईएलएल-१ नावाचं दुर्मीळ प्रोटीन सापडलं. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की त्यातले १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम लावत होते, आणि क्रीममध्ये पारा. बहुतेकांची तब्येत क्रीम बंद केल्यावर सुधारली. आपल्याकडे अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना किडनीचा त्रास सुरू झाला तेव्हाही मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर क्रीममधला पाराच निघाला.

बायोप्सीला लोक उगाच भितात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत पाठीतून सुईने किडनीचे धाग्याएवढे एक-दोन तुकडे घेतात, एखादा दिवस झोपून राहायचं. रक्तस्रावाचा धोका असतो, पण मोठा त्रास क्वचित. त्यातून आजाराचं नाव कळतं, आणि ल्युपससारख्या आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) स्टेरॉइड द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे नावावरच ठरतं.

सगळीकडे उत्तर सापडतंच असं नाही. गोव्यात काणकोण भागात शुगर-बीपी नसलेल्या शेतकरी-कष्टकऱ्यांच्या किडन्या जातात, आंध्रातल्या उद्दानमलाही तेच, कारणाबद्दल अजून एकमत नाही. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातल्या गावांचीही कित्येक वर्षं हीच तक्रार आहे.

## अचानक बसलेली किडनी

ही वेगळी कॅटेगरी आहे आणि जरा आशेची. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया, गॅस्ट्रो, शेतात घोणस चावणं, यात किडनी दोन-चार दिवसांत बंद पडू शकते. आयसीयूत तेव्हा डायलिसिस करावं लागलं तर ते बहुतेकदा तात्पुरतं असतं, दोन-तीन आठवड्यांत लघवी सुरू होऊन माणूस मशीनवरून सुटू शकतो, बरेच जण सुटतातही. म्हणून "एकदा डायलिसिस लागलं की कायमचं" हे सरसकट खरं नाही. या भीतीने नातेवाईक सही करायला दोन दिवस लावतात आणि तेच दोन दिवस महागात पडतात. हॉस्पिटलमधून सुटल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मात्र करायचीच.

## "त्यांच्याकडे गेलं की डायलिसिसला बसवतात"

पैशासाठी लवकर डायलिसिस लावतात असा संशय लोकांना असतो, आणि कुठे कोणी तसं करतच नसेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण शास्त्र काय म्हणतं ते तुम्हाला माहीत असलं तर प्रश्न विचारता येतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेली एक ट्रायल २०१० मध्ये छापून आली, त्यात स्पीड म्हणजे ईजीएफआर १० ते १४ असतानाच डायलिसिस सुरू केलेले आणि ५ ते ७ पर्यंत किंवा त्रास होईपर्यंत थांबलेले, दोन्ही गटांत जगण्यात फरक पडला नाही. म्हणजे नुसत्या आकड्यावर डायलिसिस लावायचं नसतं. धाप लागतेय आणि औषधाने पाणी उतरत नाही, पोटॅशियम उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, अन्न जात नाही, असं काही असेल तर लावायचं. "मला नेमकं कशासाठी लागतंय?" हे विचारा, चांगले डॉक्टर सांगतातच.

उलट उशिरा जाण्याचं काय होतं बघा. हिमोडायलिसिस म्हणजे मशीनवर रक्त साफ करणं, त्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, तो वापरायला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. आधीपासून फॉलोअप असेल तर हे काम सावकाश होऊन जातं, डॉक्टर कधीपासून सांगत असतात की डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका, शिरा जपा. ज्यांनी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली ते एका रात्री धापा टाकत इमर्जन्सीत येतात, मानेत कॅथेटर म्हणजे नळी घालून डायलिसिस सुरू होतं, आणि कॅथेटर म्हणजे इन्फेक्शनला उघडं दार.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आठवड्यात तास असतात १६८, त्यातल्या १२ तासांत मशीन जेवढं साफ करेल तेवढं, हार्मोनं तर ते बनवतच नाही, म्हणून इंजेक्शनं आणि पथ्य मागे लागतं. घरी करता येणारं पोटातलं डायलिसिसही आहे, पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढायचं, दिवसातून तीन-चारदा. ज्यांना सेंटर ५०-६० किलोमीटर लांब पडतं त्यांनी याबद्दल विचारावंच, आपल्याकडे हा पर्याय फार कमी सांगितला जातो असं माझं मत आहे. खर्चाचं म्हणाल तर २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब पेशंटना जिल्हा रुग्णालयात मोफत सोय आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट दोन्ही बसतात.

## ट्रान्सप्लांटमध्ये यांचं काय काम?

ऑपरेशन सर्जन करतात, ते काही तासांचं. त्याआधी आणि त्यानंतरचं सगळं नेफ्रोलॉजिस्टचं. दात्याची किडनी पेशंटला जुळते का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक किडनी देऊन दाता सुरक्षित राहील का, हे तपासायचं, बसत नसेल तर स्पष्ट नाही म्हणायचं. जुन्या किडन्या बहुतेक वेळा आतच राहतात, नवी खाली ओटीपोटात बसवतात. मग टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं किडनी चालते आहे तोवर रोज, वेळेवर, कारण शरीर नव्या किडनीला परकंच समजत असतं. डोस कमी पडला तर रिजेक्शन, जास्त झाला तर इन्फेक्शन, ही कसरत वर्षानुवर्षं चालते.

भारतात पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट १९७१ मध्ये वेल्लोरच्या सीएमसीत झालं, १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं, त्याबाहेरचा दाता असेल तर कमिटीची परवानगी. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते, २०११ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. ब्रेनडेड दात्याच्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे झेडटीसीसीची (अवयव वाटपाचं काम बघणारी विभागीय समिती) वेटिंग लिस्ट असते, नाव हॉस्पिटलमार्फत लागतं, आणि रांग लांब असल्याने नाव वेळेत लावणं हेही लवकर जाण्याचं एक कारण. जाता जाता एक बोलतोच, जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष.

## खाण्यापिण्याचं काय

सगळ्यांना एकच डाएट नसतं, हीच मुख्य गोष्ट. "भरपूर पाणी पी, किडनी धुऊन निघेल" हा सल्ला मुतखडेवाल्याला बरोबर, पण लघवी कमी झालेल्या पेशंटला तोच फुप्फुसात पाणी भरायला पुरतो. नारळपाणी, केळी, फळांचे रस यात पोटॅशियम भरपूर, पोटॅशियम वाढलेलं असेल तर हृदय थांबू शकतं, पण ज्याचं पोटॅशियम ठीक आहे त्याने घाबरून फळं सोडायचं कारण नाही. मीठ मात्र सगळ्यांनीच दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, त्यात पापड, लोणचं, फरसाण धरून. सैंधव म्हणजेही सोडियमच. आणि दुकानात लो-सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, किडनीच्या पेशंटने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, हौसेने तब्येतीचं म्हणून आणलेलं असतं बिचाऱ्यांनी.

## पहिल्यांदा जाताना

जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे लावून न्या, पाच वर्षांपूर्वीचं एखादं क्रिएटिनिनसुद्धा सोन्याच्या मोलाचं, कारण डॉक्टरांना आजच्या आकड्यापेक्षा घसरण किती वेगाने होतेय ते बघायचं असतं. सोनोग्राफी झाली असेल तर तीही न्या, किडनी आक्रसलेली असेल तर आजार जुना असा अंदाज येतो. घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या, चूर्णं, प्रोटीन पावडरचा डबा, पिशवीत भरून सरळ टेबलावर मांडा, लपवू नका, ओरडले तर ओरडले. घरातलं एखादं माणूस बरोबर असू द्या. आणि निघायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: माझा ईजीएफआर किती, लघवीत प्रोटीन किती, बीपी कितीच्या खाली ठेवायचं आणि पुढची तपासणी कधी.